लिंबू म्हणायचं नाही

८ फेब्रुवारी १९०९

आज पुन्हा माझ्याकडून वस्तुदोष! प्रोफेसर ग्रिमशॉंनी माझे डोळे बांधले, जिभेवर काहीतरी ठेवलं आणि विचारलं, "काय अनुभवता, मिस लॅथ्रॉप?" मी म्हटलं, "लिंबू."

झालं! काळा झगा सावरत उसळलेच. "लिंबू बाजारात असतं, बाई! मनात लिंबू नसतं. मनात काय आहे ते सांगा!"

मनात आंबट होतं, थंड होतं, जिभेच्या कडेला टोचत होतं. थोडा संतापही होता. तो सांगितला नाही.

वस्तूचं नाव घ्यायचं नाही, नुसती संवेदना सांगायची. मनाचे बारीक बारीक तुकडे केले की मन कळतं, असं प्रोफेसर लाइपझिगला शिकून आले, आणि इथे न्यूयॉर्क राज्याच्या बर्फात आम्हाला शिकवतात. हे माझं तिसरं वर्ष.

ऑर्विल प्रेंटिसच्या हातून हा दोष कधी होत नाही. प्रयोगशाळेतला पहिल्या नंबरचा निरीक्षक तो. जिभेवर मोहरीचा गोळा ठेवला तरी "मोहरी" म्हणणार नाही. डोळ्यांतलं पाणी पुसत तिचे गुण सांगत बसेल.

११ फेब्रुवारी

प्रेंटिस तळ्याच्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. मध्येच थांबला.

"मिस लॅथ्रॉप, एक निवेदन आहे. तुम्ही खोलीत आलात की मला बरगड्यांखाली ऊब जाणवते. मध्यम. घशाशी किंचित दाब. तळहात ओलसर."

मी विचारलं, "मग याला म्हणायचं काय?"

दचकलाच. "नाव दिलं तर दोष होईल ना!"

थट्टा करत नव्हता! माझे पाय बर्फात गोठून गेले होते, आणि मला भयंकर आनंद झाला. लिहूनच ठेवते — आनंद. इथे कोण बघायला बसलंय!

१२ फेब्रुवारी

घरमालकीणबाईंनी, मिसेस टटलनी, खिडकीतून पाहिलं होतंच. "काय म्हणाला गं?" सांगितलं. पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून ऐकत राहिल्या.

"ऊब? दाब? अगं, माझ्या टटलला न्यूमोनिया झाला तेव्हा अगदी अस्संच होत होतं!" आणि मग, "ताकाला येतो आणि भांडं लपवतो मेला!"

२० फेब्रुवारी

मॅसॅच्युसेट्सच्या मुलींच्या कॉलेजातून विचारणा आली. मानसशास्त्र शिकवायचं आणि प्रयोगशाळा उभी करायची. तळघरात आहे, ओल आहे, पण माझी! मार्चअखेर कळवा म्हणतात.

प्रेंटिसने लग्नाचं विचारलं तर जाणार नाही. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. विचारू दे तर खरं!

२१ फेब्रुवारी

त्याला नोकरीचं सांगितलं. वाटलं, आता तरी तोंड उघडेल.

उघडलं. "पोटात पोकळी. ओठ कोरडे." टोपी घातली आणि गेला.

६ मार्च

प्रोफेसरांची वार्षिक बैठक. कुठून कुठून विद्वान आले. बायकांना प्रवेश नाही, कारण सिगार. मी म्हटलं, "मला धुराचा त्रास नाही, सर. वडील दिवसभर पाइप ओढतात."

"आम्हाला तुमच्यासमोर ओढायचा त्रास होतो," म्हणाले. अतिशय नम्रपणे.

मग शेजारच्या सामानाच्या खोलीत, दाराला कान लावून बसले. दाराखालून धूर येतच होता.

आत व्हिएन्नाच्या त्या डॉक्टरवर चर्चा झाली. माणसाला कोचावर आडवं करून स्वप्नं विचारतो तो. पुष्कळ हसले. मग आपल्याच देशातल्या पश्चिमेकडच्या प्राध्यापकांचा विषय निघाला. ते उंदीर भुलभुलैयात सोडतात आणि तो कुठे वळला तेवढंच लिहितात. उंदराला काय वाटलं ते विचारतच नाहीत. पुन्हा हसले.

मग वुर्ट्झबुर्गहून नुकताच परतलेला एक तरुण बोलला. तिकडच्या पंथाचं म्हणणं असं, की कधीकधी विचार नुसताच येतो. ना त्याचं चित्र, ना आवाज, ना अंगात कुठे काही. तरी तो असतो, आणि आपल्याला ठाऊक असतो.

कोणी हसलं नाही. प्रोफेसर म्हणाले, "असा अनुभव सांगणारा माणूस निरीक्षकच नव्हे. निदान माझ्याकडे तरी त्याला पदवी मिळणार नाही."

प्रेंटिस आतच होता. मला त्या तरुणाला एक विचारायचं होतं. दाराला काय विचारणार!

१५ मार्च

प्रेंटिस घरापर्यंत आला. चेहरा पांढराफटक.

"सांगणं माझं कर्तव्य आहे. आज तुम्ही आलात तेव्हा ऊब नव्हती."

"अजिबात?"

"शोधली."

"आणि दाब?"

"नाही. सवयीने जात असावं. अत्तराचा वास नाही का, थोड्या वेळाने नाकाला कळेनासा होतो."

"फारच स्पष्ट निवेदन," मी म्हटलं. वर आले. जेवायला उकडलेला कोबी होता, तो सगळा खाल्ला. चिडले आहे. शोधली म्हणे!

१६ मार्च

कॉलेजला होकार लिहिला. टपालपेटीत टाकला नाही.

मिसेस टटलना विचारलं, नवऱ्याबद्दल त्यांना काय वाटायचं? "वाटायचं काय त्यात? नवरा होता तो!"

२४ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

प्रेंटिस डोळे बांधून खुर्चीत. मी टिपणाला. प्रोफेसर शब्द उच्चारणार, मनात काय येतं ते त्याने सांगायचं. शब्द होता "घर".

प्रोफेसरांनी विचारलं, "चित्र?"

"नाही."

"आवाज? अंगात कुठे ताण, ऊब?"

"नीट पाहिलं, सर. काही नाही."

"मग मनात आहे तरी काय?"

"मिस लॅथ्रॉप."

माझी लेखणी थांबली. "वस्तुदोष!" प्रोफेसर ओरडले. "तुमच्याकडून, प्रेंटिस?"

"असेल, सर. पण चित्र नाही, संवेदना नाही, आणि तरी ठाऊक आहे. गेले कित्येक दिवस."

आपण काय बोलतोय हे त्याला पक्कं कळत होतं. प्रोफेसरांनी स्वतः त्याची पट्टी सोडली. इतक्या हळू आवाजात बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही दमलात. हे खोडून टाकू."

"नको, सर. राहू द्या."

प्रोफेसर खिडकीकडे वळले. "लिहा, मिस लॅथ्रॉप. निरीक्षक अपात्र." लिहिलं.

२५ मार्च

प्रेंटिस सकाळीच आला. मिसेस टटलनी त्याला दिवाणखान्यात बसवलं, ॲपल पाय समोर ठेवला आणि स्वयंपाकघराचं दार बरोब्बर अर्धं लोटून घेतलं.

"व्हेरेना, माझं तुमच्यावर प्रेम आहे."

एका दमात! नाव घेऊन! आतून "एकदाचं!" ऐकू आलं.

पदवी गेली, पण त्याला दुःख नाही. ओहायोत काकांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, ते चालवणार. जूनमध्ये लग्न. तो हसत होता, त्याला असं हसताना मी प्रथमच पाहिलं. फार गोड दिसतो.

"आणि कॉलेज?" मी विचारलं.

"आता कशाला हवी प्रयोगशाळा? शोधायचं ते सापडलं ना आपल्याला!"

उद्यापर्यंत वेळ मागितला. का मागितला? हेच तर हवं होतं मला. मिसेस टटल माझ्याशी बोलत नाहीयेत.

२६ मार्च

पहाटे उठून, शिकवलंय तसं, आत पाहिलं. ऊब नाही. दाब नाही. कसलं चित्रही नाही. उत्तर मात्र ठाऊक होतं — नाही.

त्याला तसं सांगितलं. कॉलेजला लिहिलेलं होकाराचं पत्र पेटीत टाकलं. मग वर येऊन खूप रडले. निरीक्षण केलं नाही.