हत्यारांना जागा नसलेलं टेबल

प्रिय आंगुस्तियास,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून घाबरली असशील. अकरा वर्षं आपण फोनवर तब्येत आणि हवापाणी यापलीकडे गेलो नाही, मग एकदम पत्र कशाला? घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. गुडघे कुरकुरतात, पण हात अजून थरथरत नाहीत. बातमी एवढीच, की मी कारखान्यात नवं टेबल केलंय. गिटारी बनवायचं नाही. फक्त दुरुस्तीचं आणि तारा बसवायचं.

जुनं तुला आठवत असेल. खिडकीखाली भिंतीला टेकवलेलं, त्यावर रंधा, कानशी, सरसाचं भांडं, पाव आणि ऑलिव्हची वाटीसुद्धा, आणि या पसाऱ्यात जिथे जागा होईल तिथे गिऱ्हाइकाची गिटार. आपल्या चढाच्या रस्त्यावरच्या सगळ्याच कारखान्यांत असंच चालतं. ग्रानादात गिटार बनवणाऱ्या माणसाला दुरुस्ती म्हणजे कमीपणा वाटतो, मग तिच्यासाठी वेगळं टेबल कोण करत बसणार? मीही चाळीस वर्षं केलं नाही.

हे नवं बीचच्या लाकडाचं आहे. अरुंद ठेवलंय आणि खोलीच्या मधोमध, म्हणजे गिटार न हलवता चारी बाजूंनी फिरता येतं. उंची नेहमीपेक्षा चार बोटं जास्त, मानेवरच्या पडद्यांवरून नजर टाकायला कंबर मोडावी लागू नये म्हणून. वर बुचाचा थर, त्यावर जाड लोकरी कापड, गिटारीच्या मानेखाली मेंढीच्या कातड्याने मढवलेला टेकू. शेजारचा ब्राउल्यो सुतार लाकूड द्यायला आला आणि बघून हसतच सुटला. “फेर्मीन, हे टेबल आहे की पाळणा? या वयात कोणाला झोपवणार आहेस?” मग त्याने फेरी मारली आणि विचारलं, “ते सगळं ठीक, पण लेका, हत्यारं कुठे ठेवायची?” मी म्हटलं, ठेवायचीच नाहीत. त्यांच्यासाठी बाजूला चाकांची पेटी आहे. जे हवं ते काढायचं, काम झालं की परत पेटीत. गिटार ज्या फळीवर, त्या फळीवर हत्यार नाही. “म्हातारा झालास तू,” एवढं बोलून तो गेला.

हे टेबल करायला कारण झाले तुझे मेल्चोरकाका. जूनमध्ये गिटार घेऊन आले. तारा ज्यावर टेकतात ते हाड झिजलं होतं, तू बसवलेलंच. मी हात पुढे केला तर म्हणाले, “थांब. तुझ्या पद्धतीने बसवू नकोस. तू बसवलंस की माझी गिटार प्रार्थनेला बसल्यासारखी होते. पोरीने बसवलं होतं तसं बसव. तारा इतक्या खाली, की जोरात वाजवलं की जराशी करकरली पाहिजे.” मी दोन दिवस खटपट केली. ते आले, वाजवून बघितली, आणि मधेच थांबून तिच्या पेटीत परत ठेवली. जाताना दारातून विचारलं, “ती काय करते हल्ली?” मी सांगितलं, अल्मेरियाला चष्म्याच्या दुकानात काचा घासते. ते गिटार उचलून चालू लागले.

त्यांच्या गिटारीवरची ती सांधलेली रेघ अजून दिसते. ऑगस्टची ती दुपार तुला मी काय सांगायची? कोरडं, भाजणारं वारं सुटलं होतं. अशा वाऱ्यात जेवायला जाण्याआधी खिडकीची झडप लावायची, ओली चादर टांगायची, नाहीतर गिटारीची पातळ फळी तडकते, हे तुला सातव्या वर्षापासून पाठ. तू त्यांच्या गिटारीला हाड बसवलंस, तारा ताणल्यास, गिटार टेबलावर निजवलीस आणि वर गेलीस. पाचला आपण खाली आलो तेव्हा फळीला तडा होता आणि झडप वीतभर उघडी. गिटार न्यायला आलेले मेल्चोर समोर उभे होते. मी म्हणालो, “पोरीचा हात जड आहे आणि डोकं हलकं.” तू एवढंच पुटपुटलीस, “मी लावली होती वाटतं, बाबा.” वाटतं, म्हणालीस. रविवारपर्यंत चढावरच्या सगळ्यांच्या तोंडी ते झालं. तू चार कारखान्यांत काम मागितलंस, चौघांनी नाही म्हटलं. पुढच्या नाताळात आई तुला परत यायला सांगत होती तेव्हा तू हसून म्हणालीस, “नको गं आई. मला आठवतसुद्धा नाही झडप लावलेली. अशा माणसाच्या हाती दुसऱ्याची गिटार देऊ नये.” मी संत्रं सोलत होतो. सोलतच राहिलो. आई गेली तेव्हाही बोलता आलं असतं.

झडप तू लावली होतीस, आंगुस्तियास. चादरही ओली होती. जेवून तू आणि आई झोपलात तेव्हा मी खाली आलो. त्याच सकाळी मद्यशाळेत मेल्चोर चारचौघांत म्हणाले होते, पोरगी बापाच्या पुढे गेली. मला ते खरं आहे का बघायचं होतं. वाजवून बघितली. खरं होतं. तेवढ्यात जिन्यावर तुझ्या आईची चाहूल लागली, मी घाईने गिटार पालथी ठेवली, तळहाताने दाबून, आणि खाली माझीच कानस पडलेली होती. तडा गेलेला मी कानांनी ऐकला. गिटार उताणी केली, कानस खिशात घातली, मग खिडकीशी गेलो आणि झडप वीतभर उघडली. गेल्या आठवड्यात मी हे मेल्चोरना सांगितलं. ते म्हणाले, “मला कशाला सांगतोस? माझी गिटार वाजतेय. जिचं काम बंद पडलं तिला सांग.” परत ये असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि माफ कर असं म्हणायला तोंड नाही. उद्या सकाळी हे पत्र टाकतो, ते तुला पोचलं की मी चढावरच्या एकेका कारखान्यात जाऊन हेच सांगणार आहे, त्या चौघांना सगळ्यांत आधी. फक्त त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं.

तुझं नाव धुळीला मिळवणारा, तुझाच बाप,
फेर्मीन