तुझं नाव न घेता

महापरसाद, तुला माझा सीताराम.

कुरखेड्याला तुझी शोकसभा झाली, तिथून काल परत आले. मनातलं बोलावं असं चांद्यात माणूस उरलं नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे. जिवंतपणी तुला अक्षर येत नव्हतं. आता तिकडे ती अडचण नसावी.

शोकसभा म्हटल्यावर हसलीस ना? तुझ्यासाठी टेबल, खुर्च्या, हार. तुझ्या लेकानं, सोमानं शाळेत भरवली होती. तो आता तिथे हेडमास्तर आहे. माझ्या घरी राहून मॅट्रिक झाला, तेव्हा मावशी म्हणायचा. आता 'बाई' म्हणतो.

तू गेलीस त्या दिवशी निरोप आला तशी मी नवं लुगडं घेऊन निघाले. महापरसादाचं कापड अंगावर पडल्याशिवाय मढं उचलायचं नाही, हे तूच सांगितलं होतंस. सोमानं लुगडं हातातसुद्धा घेतलं नाही. "त्या जुन्या चाली आमी बंद केल्या, बाई. तुमी शिकलेल्या, तुमाले काय सांगाचं?" नोकरी संपेपर्यंत मुली शिकवल्या मी. 'शिकलेली' ही शिवी म्हणून पहिल्यांदा ऐकली.

तुला आठवतं? माझे वडील कुरखेड्याला जंगलखात्यात होते. तुमच्या गावचा म्हातारा पुरीहून जगन्नाथाचा वाळलेला भात घेऊन आला आणि तुझ्या आजीनं आपल्याला समोरासमोर बसवलं. तू माझ्या तोंडात शीत घातलंस, मी तुझ्या. तू गोंडाची, मी बामणाची. "आजपासून एकमेकीचं नाव घ्याचं नाई, महापरसाद म्हनाचं. एकीचं सुतक दुसरीले," आजी म्हणाली. माझी आई रडली. वडील म्हणाले, "जगन्नाथाच्या भाताला विटाळ नसतो. आता हे मोडायचं नाही."

नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनं मैत्रिणीवर निबंध लिहायला सांगितला. मी तुझं नाव लिहीना, तेव्हा वर्गाबाहेर उभं केलं. सुट्टीत तुला सांगितलं तर पोट धरून हसलीस. "लिहाचं ना वो! मी का तिथी पाहाले येनार होती?" मग जरा वेळानं म्हणालीस, "बरं केलं पन."

वडील गेले तेव्हा तू जंगलातून पायी आलीस, माझ्या सख्ख्या भावाच्या आधी. तेल लावलं नाहीस, खाली निजलीस, सुतक पूर्ण पाळलंस. तुला कुणी 'समानता' हा शब्द शिकवला नव्हता.

काल सभेत मात्र त्या शब्दावर पाहुणे इतकं बोलले, की चहा गार झाला. मग सोमा म्हणाला, "आता बाई दोन शब्द बोलतील." मी उठले. "माझी महापरसाद..." एवढं म्हटलं तर पोरं खिदळली. सोमा हळूच म्हणाला, "नाव घ्या, बाई." मी घेतलं नाही. तो पुन्हा म्हणाला. मी खाली बसले.

बाहेर त्यानं मला गाठलं. डोळे लाल झाले होते. "माझ्या मायचं नाव घेतलं असतं तं तोंड बाटलं असतं का तुमचं?"

तू त्याला कधी काहीच का सांगितलं नाहीस गं? सगळं हसण्यावारी नेलंस. मी सांगू लागले, पुरीचा भात, तुझी आजी, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असं बी कोनी करते का? सरळ सांगा ना, गोंडाची होती म्हनून."

माझ्या तिखट जिभेला अख्खा जिल्हा घाबरायचा. काल मी नुसती पिशवी उचलली आणि एस.टी. गाठली.

एकदा नाव घेतलं असतं तर तुझा लेक मला परत मिळाला असता. सिस्टर म्हणाली असती, यात पाप कसलं? सोमा म्हणतो, ही तर साधी माणुसकी. ज्यांना न सांगता कळलं असतं, ते सगळे तुझ्या बाजूला गेले.

तेव्हा ऐक. सोमा आता माझ्या दारी येणार नाही. तरी तुझं नाव मी घेणार नाही, त्याच्यासाठीसुद्धा नाही. त्याच्या लेखी जातीचा ताठा असलेली बामणीण म्हणूनच मरेन. माझं सुतक धरायला कुणी नसेल. ती पाळी तुझी होती.

तुझी,
महापरसाद