पार्किंगमधला गणपती

२ मे २०११, सोम.
खडूचा वर्ग एकदाचा सुरू. सं. ५॥, बी विंगची सावली पार्किंगवर उतरली की. मुलं नऊ, सगळी सहा वर्षांच्या आतली. खडू सकाळी साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवले होते, रंग दाट बसतो. ह्यांचा टोमणा, "तू रिटायर झालीस की तुझी बदली झाली?"

सावल्या गिरवल्या. अथर्व उभा राहीना, पळाला की सावलीही पळायची, मग तिच्यावरच चिडला. हसून पोट दुखलं.

सुरुवातीला मात्र हात आपोआप चालला. वहीच्या डोक्यावर श्री घालतो तसा जमिनीवर एका रेघेत गणपती. तीस वर्षं बालवाडीत फळ्यावर हेच केलं. बी-२०४ ची अलिना, साडेचारची, म्हणाली, रंगवू? म्हटलं, रंगव. हातात हिरवा होता तिच्या. जीभ बाहेर काढून सोंड रंगवत बसली, रेघेबाहेर एक ठिपका गेला नाही. गुणी पोर. वडील कुवेतला, आई रुबीना एकटीच सांभाळते.

३ मे
आगगाडी. प्रत्येकाला एक डबा, डब्यात आपल्याला हवं ते. चार डब्यांत आंबे. अलिनाच्या डब्यात विमान, पप्पांचं.

४ मे, बुध.
लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

सेक्रेटरी देशमुख आले, बरोबर कमिटीतले दोघे. गणपतीवर टायरचे पट्टे उमटलेले. पार्किंगच ते, गाड्या जाणारच, माझ्या डोक्यातच आलं नाही. देशमुख म्हणाले, "बाई, हा कोणी काढला? देवावरून गाड्या जातायत, लोक बोलतायत." मी तोंड उघडणार तेवढ्यात बरोबरचा एक म्हणाला, "ती बी विंगची हिरवा खडू घेऊन बसली होती, मी गॅलरीतून पाहिलं." हिरवा हा शब्द जरा दाबून. सगळे अलिनाकडे बघायला लागले.

आणि मी म्हटलं, "लहान आहेत हो, त्यांना काय कळतंय."

एवढंच. ऐकणाऱ्याला वाटेल बाई पोरीची बाजू घेतायत. मला माहीत आहे मी काय केलं ते. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर मी.

रुबीना तिला न्यायला खाली आलीच होती. "सॉरी सर, तिच्या लक्षात नाही आलं." हात धरून घेऊन गेली. अलिना जाताना माझ्याकडे बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं.

वॉचमनने नळी लावून धुतलं. इथल्याच कोन नावाच्या गावचे ते, म्हातारे. म्हणाले, "बाय, तुमी वाईट वाटून घेव नका. पोरा हायत."

५ मे
अलिना नाही.

६ मे
नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत गजांना धरून उभी होती. आज लंगडीच्या चौकटी आखल्या. वर बघायचं टाळलं.

पुसलं गेलंच आहे. कोणी काही बोलत नाही. मी आता कशाला... असं दिवसभर मनाला समजावत बसले. मुलांच्या भांडणात "खरं कोण सांगणार?" हे मीच विचारायचे, कंबरेवर हात ठेवून.

८ मे, रवि.
ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "मिटलंय ना? उकरून काढू नकोस." ऐकून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटली.

९ मे
जिन्यात रुबीना भेटली. मी मार्केटातून येत होते, दोन पिशव्या. सलाम केला, जड पिशवी माझ्या हातातून घेतली, तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली. आणि मी निर्लज्जपणे विचारते, "अलिनाला बरं नाही का?" म्हणाली, "ठीक आहे बाई. घरीच खेळते."

दार लावून स्वयंपाकघरात उभी राहिले बराच वेळ. दूध उतू गेलं.

११ मे, बुध.
गेले देशमुखांकडे. जिने उतरताना वाक्य पाठ केलं होतं. म्हटलं, तो गणपती मी काढला होता, रेघ माझी, पोरीनं मी सांगितलं म्हणून रंग भरला.

देशमुख हसले. "अहो, तुम्ही होय! मग विषयच संपला. श्रीगणेशा केलात. आधी नाही का सांगायचं?"

म्हणजे गाड्या तेव्हाही देवावरूनच गेल्या होत्या, पण आता चालतंय. म्हटलं, मग सगळ्यांना सांगा तसं. "कशाला बाई, मिटलं आता." मिसेसनी पन्हं दिलं. मी ते प्यायले. वेलची छान होती असंही म्हणाले. काय बाई आहे मी.

१२ मे
दुपारी रुबीनाकडे. कपड्यांच्या घड्या घालत होती, मला खुर्ची दिली. सगळं सांगितलं, कालचंही. घड्या घालता घालता ऐकलं.

"मला माहीत होतं बाई. अलिनानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाईंनी काढला, मी रंगवला."

"मग तू तिथं बोलली का नाहीस?"

"तुम्ही होतात की तिथं."

रागावून नाही म्हणाली. साधं म्हणाली. अलिना दाराआड होती. म्हटलं, उद्या येशील? ती आईकडे बघायला लागली. रुबीना म्हणाली, "बघू."

१३ मे, शुक्र.
काल झोप नाही. ठरवलंय. साडेपाचला सगळ्यांच्या आया खाली असतात. त्यांच्यासमोर सांगायचं, नाव घेऊन, माझं. देशमुखांनाही खाली या म्हटलंय, वर्ग बघायला म्हणून. ते खरं कारण नाही, खरं कारणही सांगता आलं नाही मला.

हे म्हणाले, "एवढं काय गं, एक खडूचं चित्र."

५.२५. चपला घातल्या. परत काढल्या.

५.४०. मुलं खालून हाका मारतायत. बाई, बाई. गॅलरीतून डोकावले. देशमुख आलेत, आया आल्यात, आणि अलिनाही आली आहे. रुबीनाचा हात सोडला नाहीये तिनं. दोघी आमच्या जिन्याकडे बघतायत.