एका चहाची किटली

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार, आणि वहिनीलाही सांग. तुझ्या पत्रांना मी उत्तर दिलं नाही असं तुला म्हणता येणार नाही. उत्तरं दिली, फक्त तू जे विचारलं होतंस त्याचं नाही. आज तेही देणार आहे. पण आधी इकडची खबरबात, कारण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

फ्रेमचं दुकान बरं चाललंय. हल्ली लोक फोटोंपेक्षा मुलांची प्रमाणपत्रंच जास्त लावून घेतात. हे शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरालाच वर्ग समजतात. सकाळी माझ्या चहाच्या भांड्यांच्या कपाटासमोर उभं राहून विचारतात, "आज कोणती भातुकली मांडायची?" इतकी वर्षं झाली, चिनी किटली आणि जपानी वाडगा यांतला फरक त्यांना अजून कळत नाही. चहाच्या तबकात शोभेला बसवलेल्या मातीच्या बेडकाशी मात्र त्यांची गट्टी आहे. पानं धुतलेला पहिला चहा पीत नाहीत, तो त्याच्या अंगावर ओतायचं काम आता त्यांनी स्वतःकडे घेतलंय, आणि बेडूक चांगला तुकतुकीत झालाय.

सोबत पार्सल पाठवते आहे. करड्या रंगाचा जपानी वाडगा त्याच्या लाकडी पेटीसकट आहे. झाकणावर कुंभाराचं अक्षर आहे, तेव्हा पेटी रद्दीत घालू नकोस. मागे एकदा तू अशीच एक टाकायला निघालाच होतास. वाडगा पहिले काही दिवस झिरपेल, त्याने घाबरून जाऊ नकोस. चहाची पूड घुसळायची बांबूची रवीही ठेवली आहे. वापरली की नुसत्या पाण्याने धू आणि उभी वाळव.

आणि वास घ्यायचे उंच पेलेही त्यातच आहेत, सगळेच्या सगळे. तुझ्या चहाघरातल्या गिऱ्हाइकांना शिकवावं लागेल: चहा आधी यात ओतायचा, मग प्यायच्या पेल्यात उलटा करायचा, आणि रिकाम्या गरम पेल्याला नाक लावून बसायचं. ह्यांच्या मते रिकाम्या भांड्याचं एवढं कौतुक जगात दुसरीकडे कुठे होत नसेल. जिवापाड जपलेले पेले का दिले असं वहिनी विचारेल. कपाटात जागा नाही म्हणून सांग.

जागा भरपूर आहे, दादा.

तुझं चहाघर उघडायला आलंय, टेबलं आली, भिंतीला रंग झाला. तू प्रत्येक पत्रात एकच लिहितोस, की चहा निवडायला मी हवी, माझ्या नाकाशिवाय तू दार उघडणार नाहीस. मी गुडघ्यांचं कारण सांगणार होते. तसं पत्र लिहूनही झालं होतं, गुडघ्यांचं वर्णनही छान जमलं होतं. पण मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर ते पाठवायची लाज वाटली.

आमची रविवारची बैठक होती. नेहमीचीच मंडळी, समोरचे डेंटिस्ट आणि गाण्याच्या बाई. मी आपली लाल मातीची किटली काढली. तुला वेगळं सांगायला नको, तिच्यात भाजक्या चहाशिवाय आजवर कशाचा थेंब पडलेला नाही. माती सगळं पिते, म्हणून साबणसुद्धा कधी लावला नाही. चहा केला, उंच पेल्यांत ओतला, उलटा केला, आणि बोलायला लागले. बघा, आधी धुरासारखं काहीतरी येतं, मग शेंगदाणे भाजल्याचा वास, आणि अगदी शेवटी गूळ. पाव तास तरी माझं प्रवचन चाललं असेल. गाण्याच्या बाईंनी पेला नाकाशी धरला आणि डेंटिस्टांकडे पाहिलं. डेंटिस्ट खाली आपल्या मोज्यांकडे बघत राहिले.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "आज काहीतरी वेगळंच आहे."

मी खूश. त्या दोघांना निरोप दिला आणि आवरायला लागले. एवढ्यात हे बाहेरून आले आणि दारातच थांबले.

"घरात अत्तर सांडलंय का?"

मी डबा उघडून अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिला. मोगऱ्याचा चहा होता. सगळं घर मोगऱ्याने भरलं होतं आणि मी त्यात उभी राहून गुळाबद्दल बोलत होते.

मार्चमधल्या तापानंतर मला वास येत नाही, दादा. काहीच येत नाही. दूध करपलेलं कळत नाही, दुकानातलं व्हार्निश कळत नाही. डॉक्टर म्हणतात, परत येईल किंवा येणारही नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. चहा आठवणीने ओळखत होते, रंगावरून, पानांच्या आकारावरून, आणि जमतही होतं. त्या दिवशी चष्मा दुकानात राहिला होता. एवढंच निमित्त. त्या दोघांनी मला सांभाळून घेतलं, हे मला फार लागलं. हसले असते तर बरं झालं असतं.

किटली परत परत उकळली. मोगरा गेला की नाही हे मला कसं कळणार? म्हणून ते काम ह्यांच्याकडे आहे. दाढी करायच्या आधी झाकण काढतात, डोळे मिटून वास घेतात आणि सांगतात, "आहे अजून, थोडा." ज्या माणसाला चहा आणि गरम पाणी यांतला फरक कळत नव्हता, तो आता इतकं मन लावून वास घेतो की मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागतं. काल म्हणाले, "आज मातीचाच आला." त्यांच्यावर विश्वास ठेवण्याशिवाय मला इलाज नाही, आणि ठेवलाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चहा निवडायला मी उपयोगाची नाही. कुणीतरी चांगलं, तरुण नाक शोध. पण मला यायचं आहे. भांडी मांडायला, धुवायला, किटलीचं झाकण नीट बसतंय की नाही ते बोटांनी बघायला, लोकांना पेला उलटा कसा करायचा ते दाखवायला. हे तुझ्या कामाचं आहे की नाही मला माहीत नाही. नसेल तर तसं सांग, मी रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण त्यातून उठेन.

फोन करू नकोस. फोनवर तू माझा आवाज ऐकशील आणि लगेच "ये" म्हणशील, आणि ते खरं की दयेपोटी हे मला कळणार नाही. मला कागदावर खोटं बोलता येतं हे तू आता पाहिलंसच. तुला ते कधी जमलं नाही. तेव्हा काय ते लिहूनच कळव.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी