जबड्याची तालीम

मोखाडा, ३ एप्रिल १९५०
आज मोठी बातमी. यंदा बोहाड्याच्या, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाच्या, शेवटच्या सकाळी जव्हारहून प्रांतसाहेब येणार आणि त्यांच्या स्वागताचं भाषण मी करणार. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी आधी शाळेच्या भोये मास्तरांना विचारलं होतं. मास्तर म्हणाले, आमच्या घराकडे देवीचं सोंग आहे, मला मुखवटा घालून नाचायचंय, भाषण कुठून करू? म्हणजे घाबरले.

संस्थान विलीन झालं आणि जव्हारच्या कचेरीतला माझ्यासारखा माणूस इथे मोखाड्याला येऊन टपालाच्या टेबलावर पडला. पण भाषण ऐकून प्रांतसाहेबांना कळेल, हा आवाज कुठला. दसऱ्याच्या दरबारात एकदा चोपदाराला ताप आला होता, तेव्हा ललकारी मीच दिली. लोक अजून आठवण काढतात. (चंद्रकला म्हणते, तुम्हीच काढता.) साहेब खूश झाले की बदलीचा अर्ज मंजूर. पावसाळ्याच्या आत बिऱ्हाड जव्हारला. चंद्रकलेला म्हटलं, बांधाबांध सुरू कर.

५ एप्रिल
सराव सुरू. ‘आदरणीय’मधला ‘आ’ मी ललकारीच्या चालीवर लांबवतो. तोंड पूर्ण उघडलं की उजव्या कानापुढे कट्ट असा आवाज येतो. मिटताना पुन्हा कट्ट. शिपाई ढवळूने ओसरीवरून ऐकला. म्हणाला, सायेब, आत कोन सुपारी फोडतंय का? त्याला सांगितलं, हा सांधा मजबूत असल्याचा आवाज आहे. नव्या वहाणा नाही का वाजत?

९ एप्रिल, सकाळी
चंद्रकलेची तक्रार, मी झोपेत करकरा दात खातो. तिच्या मते पोटात जंत. वावडिंगाचा काढा दिला. मला जंत नाहीत, मला भोये मास्तर आहेत. भाषण नको म्हणाले, आणि आता रोज येऊन सूचना करतात. थोडक्यात आटपा म्हणे, लोक रात्रभर जागलेले असतात. माणूस जळतो तो असा.
तरी काढा प्यायलो. कडू.

१२ एप्रिल
सकाळी उठलो तर जबडा आखडलेला, कानशील ठणकतंय. नागलीची भाकरी चावेना. कारण उघड आहे, व्यायाम कमी पडतोय. पैलवान दंड दुखला म्हणून तालीम सोडतो का? आजपासून जबड्याची तालीम. शिळी भाकरी, भाजलेले हरभरे, अख्खी सुपारी. चंद्रकला म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. बघू म्हटलं.

१७ एप्रिल, जव्हार
कचेरीचं टपाल घेऊन आलो होतो म्हणून सरकारी दवाखान्यात सहज डोकावलो. मुद्दाम नव्हे. डॉक्टरांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली आणि तोंडाची उघडझाप करायला लावली. मग बरंच बोलले. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही. पण दुखतंय, सकाळी आखडतंय, म्हणजे सांध्याला विश्रांती पाहिजे. मऊ खा, लहान घास घ्या, सुपारी बंद, गरम फडक्याने शेका. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा. ओठ मिटलेले असू देत, पण दातावर दात दाबून बसू नका. तोंडात तीन उभी बोटं मावेनाशी झाली किंवा जबडा अडकला, तर एक दिवस थांबू नका, लगेच या. शिवाय नाशिकला दातांच्या डॉक्टरांना दाखवा, रात्री दात खाऊ नयेत म्हणून ते दातांवर बसणारी पट्टी करून देतात.

सारांश, घाबरायचं कारण नाही.

बोटांचा पॉइंट मात्र उत्तम. सामान्य माणसाची तीन, तर वक्त्याची चार पाहिजेत. नाशिकचा प्रश्नच येत नाही. दुखतोय सांधा, दात ठणठणीत आहेत. दातवाल्यापुढे तोंड उघडलं की तो दात काढणार. त्याचं पोटच त्यावर.

२० एप्रिल
तीन बोटं कशीबशी गेली. करंगळी घालताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. प्रगती आहे. नेमका तेव्हाच ढवळू फाईल घेऊन आला. फाईल उंबऱ्यावरच ठेवून मागच्या मागे गेला. संध्याकाळी त्याची बायको चंद्रकलेला विचारून गेली, सायबाला काय लागिर झालंय काय गं बाय? चंद्रकला म्हणाली, नाही, बदली पाहिजे आहे.

२४ एप्रिल
घरात सत्याग्रह. चंद्रकला पेजेशिवाय काही वाढत नाही. पेजेवर ललकारी निघत नाही, हे तिला कोण सांगणार? ओसरीवर जाऊन हरभरे खाल्ले. शेकायचं नक्की ठरवलं आहे, पण सकाळी वेळ नसतो आणि दुपारी उकडतं.
सुपारी आजपासून कायमची बंद. दुपारी एक खाल्ली, पण ती निश्चय करण्याआधीच खिशात होती.

२८ एप्रिल
सरावात ‘आ’ घेतला आणि जबडा उघडाच राहिला. मिटेना. चंद्रकला चूल सोडून धावत आली. मी मान झटकली, डावीकडे ओढलं, उजवीकडे ओढलं, तेव्हा कट्ट करून बसला. डॉक्टर म्हणाले होते, अडकला तर लगेच या. पण सुटला, त्या अर्थी तो अडकलाच नव्हता.

चंद्रकला मात्र रडली. म्हणाली, मला जव्हार नको, तुमचं तोंड मिटलेलं पाहिजे. यात टोमणा होता का ते कळलं नाही, पण तिला रडताना पाहून फार वाईट वाटलं. वचन दिलं, भाषण झालं की दुसऱ्या दिवशी नाशिक. आधी नाही. प्रांतसाहेब काय रोज मोखाड्याला येतात?

१ मे, दुपारी
आज बोहाड्याची शेवटची रात्र. रात्रभर एकेक सोंग नाचणार, उजाडता उजाडता माझं भाषण आणि त्यानंतर देवी राक्षसाला मारणार. चार पानं तोंडपाठ. भोये मास्तर पुन्हा सांगून गेले, जरा निजून घ्या. त्यांना वाटतं, मी झोपून राहीन आणि भाषण चुकेल. मी असल्या डावांना भुलत नाही. निजणार नाही.

४ मे
दोन दिवस लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण बोलायची बंदी आहे.

रात्रभर जागलो. पहाटे प्रांतसाहेब खुर्चीवर बसले, शेजारी जव्हारचे डॉक्टर. आमच्या साहेबांनी माझं नाव पुकारलं आणि त्याच क्षणी मला जांभई आली. हनुवटीखाली मूठ धरायची हे आठवलं, पण मुठीत भाषण होतं. कट्ट झालं. मग काहीच झालं नाही. तोंड उघडं ते उघडंच. वाटलं, बोलायला लागलो की आपोआप सुटेल. म्हणून तसाच पुढे गेलो आणि ‘आ’ म्हटलं. ‘दरणीय’ काही येईना. पुन्हा ‘आ’ म्हटलं, जरा मोठ्याने. लाळ गळायला लागली.

मला काय ठाऊक, की राक्षसाचं सोंग ज्याच्या घराकडे आहे तो म्हातारा बुधा तापाने निजलाय! लोक राक्षसाचीच वाट बघत होते. कोणीतरी ओरडलं, आला रं आला! संबळवाल्याने ठोका धरला. थांबा म्हणून मी दोन्ही हात हलवले. त्याने चाल वाढवली. हातातले भाषणाचे कागद उडाले. आणि समोरून देवी आली, लाकडी तलवार घेऊन, थेट माझ्या अंगावर. मुखवट्याच्या आत भोये मास्तर. मी त्यांना खुणेने जबडा दाखवला. त्यांनी तलवार उगारली. मी पळालो. सबंध गाव बघत होतं आणि मी मैदानाला फेऱ्या मारत होतो. शेवटी धोतरात पाय अडकून पडलो. मास्तरांनी माझ्या छातीवर पाय ठेवला. लोकांनी नारळ फोडला.

डॉक्टरांच्या एकट्याच्या लक्षात आलं. अंगठ्यांना फडकं गुंडाळून त्यांनी ते माझ्या मागच्या दाढांवर ठेवले, खाली दाबले आणि जबडा मागे सरकवून बसवला. बसताच तो मिटला. फडकं होतं म्हणून त्यांचे अंगठे वाचले. आता डोक्यावरून हनुवटीपर्यंत पट्टी आहे. पेज आहे. शेक आहे, तोही वेळच्या वेळी, कारण चंद्रकला शेकते. सोमवारी ती मला नाशिकला नेणार आहे. मी जाणार आहे असं नाही, ती नेणार आहे.

९ मे
नाशिकला दातांच्या डॉक्टरांनी एकही दात काढला नाही. दातांवरची ती पट्टी करून देणार आहेत. इतक्या साध्या कामासाठी लोक उगाच चालढकल करतात.

१३ मे
बदलीच्या अर्जावर प्रांतसाहेबांचा शेरा आला: ‘असा कलावंत मोखाड्यातून हलवू नये.’ चंद्रकलेने बांधलेली ट्रंक पुन्हा सोडली.

संध्याकाळी पंच मंडळी घरी आली, पुढे भोये मास्तर. इथे सोंग घराण्याकडे असतं, बापाकडून मुलाकडे जातं. बुधाला मूलबाळ नाही, तेव्हा राक्षस यापुढे कायम आमच्या घराकडे, असं गावाने ठरवलं आहे. मी पट्टीतूनच नकार दिला. त्यांना तो होकार वाटला. ढवळूला आनंद आवरेना.

बुधाचा मुखवटा जुना झालाय, नवा करायचा का, असा विषय निघाला. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं. मुखवट्याची गरज नाही, असं एकमताने ठरलं.