मोरचुदाच्या स्लाइडवर भंडारा

इंदिरानगर, नाशिक
२० ऑक्टोबर १९८३

ती. जयराममामांस शिरसाष्टांग नमस्कार. मामी आणि तुमचे गुडघे दोन्ही ठीक असतील असे धरून चालतो. द्राक्षांच्या फवारणीतले डबीभर मोरचूद मला दिलेत, त्याचे पुढे काय झाले असे विचारले होतेत. वाचताना हातात चहा घेऊ नका, ठसका लागेल.

आमच्या कॉलेजात ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक आला आहे. खाली एक खास काच, वर एक. दोन्ही एकमेकींना आडव्या लावल्या की नुसता काळोख, आणि मध्ये स्फटिक ठेवला की त्या काळोखात रंग पेटतात. (आमचे विभागप्रमुख त्याला अजून दुर्बीण म्हणतात.) त्या रंगांचे फोटो काढून पुण्याच्या प्रदर्शनात पाठवायचे आणि माझी हंगामी डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी कायम करून घ्यायची, असा बेत. मोरचुदाच्या पाण्याचे थेंब बारा स्लाइडवर सोडले आणि धूळ बसू नये म्हणून पातेल्याखाली तीन दिवस वाळत ठेवले. घाई केली की स्फटिकांचा चुरा होतो.

तिसरा दिवस नेमका खंडेनवमीचा. आमचा शिपाई रावजी (निफाडहून रोज गाडीने येणारा, तुमच्याच गल्लीतला) दरवर्षी प्रयोगशाळेत तराजूपासून बर्नरपर्यंत सगळ्यांची पूजा करतो. या शहाण्याने पातेले उचलून माझ्या ओल्या स्लाइडवर आपल्या घरच्या देवघरातला भंडारा उधळला! वर म्हणतो, "नवं यंत्र हाय साहेब, त्येला पूजेबिगर कसं ठेवायचं?" मी पोरांसमोर त्याला अडाणी, बावळट, विज्ञानाचा शत्रू, जे सुचेल ते म्हणालो. त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि ग्रंथालयात बदली मागून घेतली. ब्याद गेली! तक्रारीला पुरावा म्हणून एका बरबटलेल्या स्लाइडचा फोटो काढला, मग नव्या स्लाइड करून उरलेला रोल त्यांवर संपवला. अशा लोकांमुळेच देश मागे राहिला, हे तुम्हालाही पटेल.

आपला भाचा,
गोरक्ष

ता. क. हे पत्र महिनाभर टाकायचेच राहिले, तोवर रोल मुंबईहून धुऊन आला. माझे पस्तीसच्या पस्तीस फोटो हललेले. तक्रारीचा तेवढा स्वच्छ. निळ्या स्फटिकांत भंडाऱ्याचे कण, प्रत्येक कणावर काळी फुली आणि भोवती रंग. असे मी पुस्तकातही पाहिले नव्हते. विभागप्रमुखांनी तक्रार न वाचताच तो फोटो माझ्या नावाने पुण्याला धाडला. पहिला आला. येत्या शुक्रवारी परीक्षक आणि प्राचार्य ती स्लाइड मी कशी करतो ते बघायला येणार आहेत.

आणखी एक. बाजारातली चार प्रकारची हळद उधळून पाहिली, एकीतही फुली उमटत नाही. रावजीकडे चिमूटभर मागायला गेलो तर म्हणाला, "अडाण्याचा भंडारा हाय साहेब, तुमच्या इज्ञानाला चालायचा नाय." मामा, मला लाज वाटते आहे आणि त्याहून जास्त भीती. तो तुमचा शब्द मोडत नाही. शुक्रवारी त्याला हाताला धरून घेऊन या. मी पोरांसमोरच माफी मागेन. नारळ आणून ठेवला आहे. किती वाजताचा मुहूर्त धरायचा ते रावजीलाच विचारा, परीक्षकांना मी तोवर थोपवून धरतो.