तुम्ही नऊ दिवस मोजलेत

बाबा, कालपण एक फोन आला, साताऱ्याहून. वडिलांच्या अस्थी घेऊन येतायत, काशीत विधी करायचेत. "गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली," मी म्हणाले, तरी त्यांनी विचारलंच, "ताई, साधारण किती दिवस लागतील?" मी आईच्या हातात फोन दिला आणि किचनमध्ये नळ सोडून उभी राहिले. तुम्ही आपल्याकडे विधीसाठी उतरणाऱ्या पाहुण्यांना आल्या संध्याकाळीच सांगायचात, पंगतीतच, भात वाढता वाढता. "तीन दिवस. खर्चा एवढा. चौथ्या दिवशी तुमची गाडी." तीनचे चार कधीच झाले नाहीत. शाळेत असताना एकदा मी नाशिकच्या काकूंना म्हणाले, "अजून एक दिन राहा ना!" केवढे रागावलात. "आपण सांगितला तोच दिवस. आग्रह केला की माणूस भिडेपोटी राहतो, आणि खिसा रिकामा करून जातो."

म्हणून करोनात ॲम्ब्युलन्समध्ये चढताना तुम्ही मलाच विचारलंत, "कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकतेस ना? बोल, किती दिवस?" आणि मी, बाबा, खूश झाले. ओळखीच्या घरांत फोन करकरून मी शीट बनवली होती, भर्ती कधी, छुट्टी कधी. "नऊ! नऊ दिवसांचं सगळं मॅनेज केलंय, टेन्शनच घेऊ नका." आत कुणाला सोडत नव्हते. रोज सकाळी काउंटरवर आगाऊ पैसे भरायचे आणि तुम्हाला फोनवर सांगायचे, पाच झाले, सहा झाले. मला वाटायचं, मी धीर देतेय.

नववा दिवस. तुमच्या फोनवरून डॉक्टर बोलतायत. "बाबूजी ज़िद पकड़े हैं, घर जाएँगे. ऑक्सीजन अभी नहीं हट सकता, चार-पाँच दिन तो और लगेंगे. आप ही समझाइए." मग तुम्ही, धापा टाकत. "नऊ झाले ना गं? ये न्यायला."

आमच्या जबाबदारीवर घरी नेतोय, अशा हॉस्पिटलच्या कागदावर मी सही केली. गंगेपलीकडे रामनगरला ऑक्सिजनचा एक सिलिंडर मिळाला. पुलावरून येताना ई-रिक्शात त्याला मिठी मारून बसले होते, जन्मात इतकं घट्ट काही धरलं नव्हतं. तो संपायच्या आत तुम्ही गेलात. अकराव्या दिवशी, दुपारी, आई मऊ भात घेऊन आली तेव्हा.

आई अजून सगळ्यांना सांगते, "पोरगी फोनवर रडरड रडली, पण ह्यांनी ऐकलंच नाही." तिला तसं मीच सांगितलंय. हे पत्र तुमच्या पोथीच्या रुमालात ठेवणार होते, पण तो रुमाल ती रोज सोडते. बाबा, नऊ हा ॲव्हरेज होता. त्याच शीटमध्ये एक आजोबा एकवीस दिवस राहून चालत घरी आले होते. ते तुम्हाला सांगितलं नाही. दहाव्या दिवसाचे पैसे नव्हते माझ्याकडे. तुम्ही "ये" म्हणालात तेव्हा मी रडले नाही, समजावलंपण नाही. मी लगेच म्हणाले, "आलेच."